चौथं स्टेशन, पिशवी ब

मामा : नाही म्हणजे नाही. तो कॅन खाली ठेव आधी. अंगावर सांडलं तर बोटं गोठून जातील, मग कुठल्या हाताने भांडशील माझ्याशी?

ताई : तोंडाने भांडेन. मामा, टाकीत नायट्रोजन किती उरलाय?

मामा : उद्या सकाळपर्यंत पुरेल.

ताई : आणि मग?

मामा : मग तुझा लाडका डिटेक्टर गरम होईल आणि मुकाट पडून राहील. दारावरची चिठ्ठी वाचली नाहीस का? 'देखभालीसाठी दोन महिने बंद.' खाली सरांची सही. नवा नायट्रोजन मागवायचा नाही, कोणाची डबी आत ठेवायची नाही. बावीस वर्षं ह्या तळघरात मी दर सोमवारी ह्या यंत्राला पाजतोय. आजवर त्याला कधी देखभाल लागली नव्हती. आता एकाएकी कुठून लागली, ते मला नको विचारू.

ताई : विचारतच नाहीये. मला माहितीये कुठून लागली. परवा दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन बोलले आणि काल सकाळी चिठ्ठी डकवली गेली.

मामा : काय बोललीस असं?

ताई : म्हटलं, चौथ्या स्टेशनचा आकडा चुकलाय. अहवाल थांबवा.

मामा : चौथं म्हणजे तेच ना, ज्याच्यावरून पेपरात तुझा फोटो आला होता? मी कापून ठेवलाय तो. कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

ताई : काढून टाका.

मामा : का म्हणून? केस चांगले आलेत त्यात.

ताई : मामा!

मामा : बरं बाई, नाही करत चेष्टा. पण मला एकदा सरळ सांग. बावीस वर्षं तुम्ही लोक मला एवढंच सांगत आलात, मामा, झाकण उघडा, मामा, झाकण लावा. आत काय मोजता ते मी पण कधी विचारलं नाही. आज विचारतो. नाहीतर माझी नोकरी मी कशासाठी पणाला लावायची?

ताई : बसा मग. हे स्टूल घ्या. आभाळात खूप उंचावर सतत बेरिलियम तयार होत असतं. जरासंच, आणि किरणोत्सारी. पावसाबरोबर ते समुद्रावर पडतं. वरच्या थरात राहतं. फार खोल जात नाही, कारण जायच्या आतच ते संपून जातं. म्हणजे समुद्राच्या वरच्या पाण्यात ते आहे आणि खालच्या पाण्यात नाही.

मामा : हं.

ताई : आता रंगाच्या बादलीत खालून साधं पाणी सोडलं तर?

मामा : रंग फिका पडेल.

ताई : झालं. वरचं पाणी जितकं फिकं, तितकं खालचं पाणी वर आलेलं. आणि खालच्या पाण्यात खत असतं. वरून मरून, कुजून खाली गेलेलं सगळं तिथे अंधारात साठलेलं असतं. ते उजेडात आलं की शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. म्हणून आपण बोटीने समुद्रातल्या ठरलेल्या जागी, म्हणजे एकेका स्टेशनवर, थांबून सहाशे-सहाशे लिटर पाणी पंपाने ओढतो आणि त्या तांबूस धाग्यातून गाळतो. धागा बेरिलियम धरून ठेवतो. तो भट्टीत जाळायचा, राख डबीत दाबून भरायची आणि तुमच्या ह्या शिशाच्या पेटीत मोजायची.

मामा : आणि चौथ्या स्टेशनला एकदम फिकं निघालं.

ताई : पांढरंफटक. म्हणून सगळे नाचले. उत्तरेच्या पट्ट्यात समुद्राच्या पोटातून झरा वाहतोय, खताला तोटा नाही, मासळी कितीही काढा. पुढच्या बुधवारी समिती बसणार आहे. ह्या एका आकड्यावर त्या पट्ट्यात चाळीस मोठे ट्रॉलर सोडणार आहेत. आज तिथे दोनशे लहान होड्या आहेत, त्यांचं जेमतेम भागतंय. आणि अहवालावर पहिलं नाव माझं आहे.

मामा : आणि झरा नाहीच?

ताई : मला वाटतं, नाही. नळकांडी दोन असतात, आठवतं? एकामागे एक. पहिल्यातला धागा पंचवीसातलं वीस धरतो. हातून सुटलेल्या पाचातलं चार दुसरा धरतो. पहिलं अ, दुसरं ब. एकेक डबी मोजायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून आपण अ मोजतो आणि ब पिशवीत घालून कपाटात टाकतो.

मामा : कपाटात नाही, माझ्या टेबलाखाली टाकता. पाय ठेवायला जागा नाही मला.

ताई : चौथ्या स्टेशनला नळ्या उलट्या जोडल्या गेल्या, मामा. पाणी आधी ब मध्ये शिरलं, मग अ मध्ये. आम्ही मोजलं ते उष्टं.

मामा : कशावरून?

ताई : मळावरून. त्या दिवशी पंपाची गाळणी फाटली होती. गाळ आधी ज्या धाग्यात शिरेल तोच मळणार. परवा मी जाळण्याआधीचे फोटो बघत बसले होते. चौथ्या स्टेशनच्या अ पिशवीतला धागा नवा कोरा. मग तुमच्या टेबलाखालून ब काढली. हात लावला तर हिरवी, बुळबुळीत. शेवाळलेल्या पायरीसारखी.

मामा : मग तेच दाखव सरांना.

ताई : दाखवलं. म्हणाले, मळ हा काही पुरावा नव्हे. बरोबरच आहे त्यांचं. पुरावा ह्या डबीत आहे. काल दिवसभर भट्टीत जाळून ब ची राख केलीय मी. ही घ्या, हातात धरून बघा.

मामा : गरम नाही ना?

ताई : नाही हो. ही जर पेटीत ठेवली तर दोन दिवसांत सोक्षमोक्ष लागेल. अ च्या पाचपट निघाली तर नळ्या उलट्या होत्या.

मामा : आणि दोन महिन्यांनी ठेवली तर?

ताई : तर काहीच निघणार नाही. बेरिलियम थांबत नाही कोणासाठी. दर त्रेपन्न दिवसांनी अर्धं होतं. आपण बोटीवरून उतरलो त्याला आज एकशे सहा दिवस झाले. म्हणजे चौथा हिस्सा उरलाय. अजून दोन महिने गेले की आठवासुद्धा राहणार नाही. ह्या भिंतींतूनच यंत्राला किरणांची जी कुरबुर ऐकू येते ना, तिच्यात ते बुडून जाईल. मग चौथ्या स्टेशनवर खरं काय होतं, ते कोणी कधीच सांगू शकणार नाही.

मामा : म्हणजे ही देखभाल नाही.

ताई : डबी मरायची वाट बघणं आहे.

मामा : हं. नळ्या कोणी जोडल्या होत्या?

ताई : मी.

मामा : तू? त्या दिवशी तर तू कठड्याला लटकून ओकत होतीस. बोट नुसती झोके खात होती.

ताई : मग सावरले आणि जोडल्या. माझी चूक आहे. तो कॅन कुठला आहे तेवढं सांगा.

मामा : शाळेची मुलं येतात त्यांना फूल गोठवून दाखवायला ठेवलाय. दहा लिटर.

ताई : दहा लिटरमध्ये किती दिवस निघतील?

मामा : जपून वापरलं तर चार. पण ताई, मला दोन महिन्यांनी घरी जायचंय. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी बरं बोलावं एवढीच इच्छा आहे माझी. सरांची चिठ्ठी मोडून... कोण ते? या, सर. या. जिन्यात दिवा गेलाय, जपून.

सर : तुमच्या दोघांचा आवाज वरपर्यंत येतोय. भट्टी कोणाच्या परवानगीने लावली?

ताई : माझ्या. धागा माझा, स्टेशन माझं, चूकही माझीच.

सर : आणि संस्था कोणाची? हे बघ, मी तुला ओरडायला आलो नाहीये. बारा स्टेशनं केलीस तू. अकरा निर्विवाद आहेत. एकाबद्दल तुला शंका आहे. असू दे. पुढच्या हंगामात आपण परत जाऊ, तिथेच पंप टाकू, आणि काय निघेल ते छापू. मी तुला लेखी देतो.

ताई : पुढच्या हंगामातलं पाणी वेगळं असेल, सर. आणि तोवर चाळीस ट्रॉलर तो पट्टा खरवडून मोकळे झालेले असतील. अकरा बरोबर आहेत म्हणूनच तर चौथं बोचतंय. त्या अकरांत कुठेही झरा नाही. तुमचा सगळा अहवाल माझ्या एका उलट्या नळीवर उभा आहे.

सर : तुमचा नाही, आपला अहवाल.

ताई : पहिलं नाव माझं आहे.

सर : ते मी घातलंय. विसरू नकोस. तुला काय वाटतं, मला खरं नकोय? हा डिटेक्टर मिळवायला मी सहा वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलो. बोट मिळवायला अजून आठ. कोणी भीक घालत नव्हतं आपल्याला. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय की तुमच्या कामाचा उपयोग आहे. आणि आठ दिवसांवर बैठक आलेली असताना मी जाऊन सांगू, माफ करा, आमच्या पोरांना पुढचं-मागचं कळत नाही? पुन्हा बोट देतील?

ताई : नाही देणार कदाचित.

सर : मग?

ताई : मग नाही तर नाही. खोटं सांगून मिळालेल्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही.

सर : खोटं सांग असं कोण म्हणतंय? मी फक्त थांब म्हणतोय.

ताई : सर, तुम्हीच शिकवलंत मला त्रेपन्न दिवसांचं. फळ्यावर रेघ काढून. ही डबी समोर असताना थांब म्हणणं आणि ती गटारात ओत म्हणणं, ह्यात काय फरक आहे ते फळ्यावर काढून दाखवा. मी गप्प बसेन.

सर : तोंड फार चालतंय तुझं.

ताई : चालू दे. आज दुसरं काही चालू देत नाही तुम्ही.

सर : ठीक आहे. मला हे करायचं नव्हतं. हे बोटीवरचं लॉगबुक आहे. येताना घेऊन आलो.

ताई : सर, ते नको.

सर : आपल्याकडे नळी जो आवळतो तोच सही करतो. नियम तुझाच, पहिल्या मोहिमेपासूनचा.

ताई : सर, बंद करा ते. प्लीज.

मामा : वाचा ना सर. मला पण ऐकू द्या.

सर : 'चौथं स्टेशन. सकाळी सव्वानऊ. सहाशे लिटर. नळ्या जोडल्या.' आणि पुढे सही. मामा, ही तुमची ना?

मामा : दाखवा. हो. माझीच आहे. एवढं गोल अक्षर इथे दुसऱ्या कोणाचं नाही. बारा ठिकाणी कुठे कोणी आवळल्या, ते माझ्या लक्षातच नव्हतं.

सर : आता बोल. तू खुशाल जाहीर करशील. चौकशी लागेल. पहिला प्रश्न येईल, नळ्या कोणी जोडल्या. बावीस वर्षांत ज्या माणसावर कोणी बोट ठेवलं नाही, तो जाता जाता डाग घेऊन जाणार. कशासाठी? तुझ्या मनाला टोचतंय म्हणून?

ताई : हे तुम्हाला शोभत नाही, सर.

सर : शोभत नाही, पण खरं आहे.

मामा : ताई, तुला माहीत होतं?

ताई : हो.

मामा : म्हणून केव्हापासून मी केली, मी केली चाललं होतं तुझं?

ताई : तुम्हाला कसं कळणार होतं? मी कठड्यावरून नुसतं बोट दाखवलं, हे आधी, ते नंतर. नळकांड्यावरचा बाण तुमच्या बाजूने दिसतच नव्हता. बोट हलत होती. तुम्ही एका हाताने माझा पट्टा धरला होता, मी पडू नये म्हणून. एका हाताने माणूस नळ्या जोडेल तरी कशा? चूक माझीच आहे, मामा. सर, लिहून घ्या. माझी.

मामा : गप्प बस.

ताई : मामा...

मामा : गप्प बस म्हटलं ना. आणि सर, तुम्ही पण जरा ऐका. बावीस वर्षं मी इथे आहे. यंत्र चाललं की तुमचं नाव. पेपर छापला की ताईचं नाव. त्याचं मला काही नाही, छापायला मला येतही नाही. पण एकदा, बावीस वर्षांत एकदा माझ्या हातून असं काही झालं की ज्याने समुद्राचा आकडा बदलला. तर तुम्ही ते माझ्यासाठी लपवताय आणि ही ते स्वतःवर घेतेय. दोघांनाही माझी दया आली. मामा बिचारे, नाही का?

सर : मामा, तसा अर्थ नव्हता माझा.

मामा : तसाच होता. मी बिचारा नाही, सर. नळी मी जोडली, उलटी जोडली असेल तर मी उलटी जोडली. दोनशे होड्यांनी उपाशी मरावं आणि माझ्या शेवटच्या दिवशी लोकांनी बरं बोलावं, असलं बरं बोलणं मला नकोय. ताई, तो कॅन दे इकडे. हातमोजे कुठायत?

सर : मामा, दारावरच्या चिठ्ठीवर माझी सही आहे.

मामा : आणि त्या वहीत माझी. माझ्या सहीखाली खोटं लिहिलं गेलं असेल तर ते तपासून बघायचा हक्क माझा आहे. तुमची चिठ्ठी नंतरची. बाजूला व्हा, वाफ येईल तोंडावर. ताई, फनेल धर. वाकडं नको धरूस, सरळ. आता जरा शिकून घे, परत कोणी सांगणार नाही.

सर : मी आत्ता इथे फ्यूज काढू शकतो. एका मिनिटात.

ताई : काढा.

सर : काय?

ताई : काढा ना. तो काय, दाराजवळ आहे. फक्त काढलात की लॉगबुकात लिहा. अमुक वाजता डिटेक्टर बंद केला, आत चौथ्या स्टेशनची पिशवी ब जाणार होती. आणि पुढे सही करा. जो हात लावतो तो सही करतो. नियम सगळ्यांना एकच आहे. हे पेन घ्या.

मामा : माझं पेन आहे ते. परत द्या, सर.

ताई : का थांबलात?

सर : तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होतीस.

ताई : अजून आहे. म्हणून तर त्रास देतेय.

सर : मी वर जातोय. समितीच्या अध्यक्षांना फोन करायचाय. काय सांगायचं ते जिना चढेपर्यंत ठरवेन.

मामा : सावकाश चढा, सर. पंचवीस पायऱ्या आहेत, आणि दिवा नाही.

ताई : मामा, गेले का ते?

मामा : गेले. फनेल सोडून हात काखेत का दडवलेस? मघाशी तर वाघिणीसारखी बोलत होतीस.

ताई : थंडी वाजतेय. नायट्रोजनची.

मामा : हो हो, नायट्रोजनचीच. डबी दे. झाकण उघडतो.

(दोन दिवसांनी, दुपारी. तीच खोली.)

मामा : मी चहा घेऊन येईपर्यंत सांगणार होतीस. चहा आणून गार झाला.

ताई : झालं. थांबा, पार्श्वभूमी वजा करतेय, ती भिंतींची कुरबुर. पुन्हा एकदा करते.

मामा : तिसऱ्यांदा करतेयस. मघापासून बघतोय. तो डोंगर दिसतोय ना तिथे पडद्यावर मधोमध? तोच का तो?

ताई : ऊर्जेच्या चारशे सत्त्याहत्तरच्या खुणेवर. हो. बेरिलियम तिथेच बोलतं, दुसरीकडे कुठे नाही.

मामा : मला तरी बऱ्यापैकी मोठा वाटतोय.

ताई : एवढ्या दिवसांत मेलेलं धरून हिशोब केला तर अ च्या पावणेपाचपट.

मामा : तू पाच म्हणाली होतीस.

ताई : पावणेपाच म्हणजे पाचच, मामा. नळ्या उलट्याच होत्या.

मामा : आणि झरा?

ताई : झरा नाही. खालचं पाणी वर येतं, पण बाकीच्या अकरा ठिकाणी येतं तेवढंच, संथ. त्याच्याबरोबर येणारं खत आहे त्या होड्यांना कसंबसं पुरेल. चाळीस ट्रॉलरना दोन वर्षंसुद्धा नाही.

मामा : म्हणजे मी चुकलो.

ताई : हो.

मामा : असं तोंड पाडून नको सांगूस. मला चांगलं वाटतंय. एवढी मोठी चूक करायलासुद्धा बोटीवर जावं लागतं. सरांना सांगितलंस?

ताई : अजून नाही. पण सकाळी खाली आले होते. तुम्ही कॅन धुवायला गेला होतात. दारावरची चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि वर गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मामा : फोनवर काय सांगितलं त्यांनी?

ताई : विचारलं नाही मी. बुधवारी मी बैठकीला जाणार आहे, बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. दाराबाहेर उभं केलं तर बाहेरून बोलेन. आवाज आहे मला.

मामा : तो तर आहेच. मी पण येतो. नळी कशी उलटी जोडतात ते कोणीतरी करून दाखवायला हवं ना त्यांना.

ताई : चला. आता लॉगबुक द्या इकडे. ऐका, बरोबर आहे का बघा. 'चौथं स्टेशन. नळ्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. पाणी प्रथम ब नळकांड्यातून गेलं. पिशवी अ चा आकडा रद्द. ब मोजली, आजची तारीख.' झालं. तुमची सही इथे, ह्या रेघेवर.

मामा : 'जोडल्या गेल्या होत्या' काय? आपोआप जोडल्या गेल्या? 'जोडल्या' लिही.

ताई : बरं. 'जोडल्या.' करा सही.

मामा : ही घे. आता तू कर, खाली.

ताई : मी कशी करू? नळी तुम्ही आवळली होती. नियम आहे.

मामा : आणि माझा दुसरा हात कुठे होता, ते नाही लिहायचं? कर सही.